‘श्यामची आई’ घेताना आधी रात्री मोजा

मुलांसाठी ‘श्यामची आई’ घ्यायचं म्हटलं की आता दुकानात एकच पुस्तक समोर येत नाही. वेगवेगळ्या प्रकाशकांच्या चार-सहा आवृत्त्या येतात. कुठली जाडजूड, कुठली रंगीत चित्रांची, कुठली जेमतेम शंभर पानांची, आणि सगळ्यांवर नाव एकच. याचं कारण कायद्यात आहे. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तो ३१ डिसेंबर २०१० ला संपला आणि १ जानेवारी २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतो. त्यामुळे पुस्तक स्वस्त झालं, गावोगावी पोचलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मजकुरावर लक्ष ठेवणारं कुणी उरलं नाही. संक्षेप करणारा त्याला वाटेल ते ठेवतो, वाटेल ते काढतो, आणि मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द असेलच असं नाही.

म्हणून निवाडा आधीच सांगून टाकते: संपूर्ण आवृत्तीच घ्या. चित्रं नसली तरी चालेल, कागद जरा पिवळा असला तरी चालेल, पण संपूर्ण हवी. मूल लहान असेल तर दोन वर्षं थांबा, पण कापलेली आवृत्ती देऊ नका. कापलेल्या पुस्तकात बहुधा आईच वेगळी होऊन बसते.

संपूर्ण आवृत्ती ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. अनुक्रमणिका उघडा. आधी ‘प्रारंभ’ हवा आणि मग बेचाळीस रात्री हव्यात. पहिली रात्र ‘सावित्री-व्रत’, शेवटची, बेचाळिसावी, ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे क्रमांक नसून नुसती शीर्षकं असतील तर तिथेच शंका घ्या, कारण क्रमांक काढले की मधली गाळलेली प्रकरणं लक्षात येत नाहीत. अनुक्रमणिकाच नसेल तर पुस्तक सरळ परत ठेवा.

दुसरी खूण बत्तीस ते अडतीस या रात्रींची. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीन लोकांची हेटाळणी’, ‘आईचे चिंतामय जीवन’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’, ‘आईचा शेवटचा आजार’. ही सात शीर्षकं एकाखाली एक नुसती वाचली तरी पुस्तकाचा कणा हाताला लागतो. संक्षेप करणाऱ्याची कात्री सर्वांत आधी इथेच फिरण्याचा संभव असतो, कारण या भागात ‘बोध’ काढून दाखवता येत नाही. पत्रावळ लावायला शिकणारा श्याम, पोहायला घाबरून माळ्यावर लपलेला आणि शिंपटीचा मार खाऊन विहिरीवर गेलेला श्याम, धाकट्या भावाला कोट शिवून घेऊन पावसातून घरी येणारा श्याम, या गोष्टींखाली ‘तात्पर्य’ लिहिता येतं. वसुलीला आलेला माणूस दारात बसून आईला नको ते बोलतो, यातून मुलांना कोणतं तात्पर्य द्यायचं? म्हणून ते निघतं.

आणि ते निघालं की काय होतं, ते नीट बघण्यासारखं आहे. मूळ पुस्तकात आई संस्कार करते ते भरल्या घरात बसून नव्हे. श्यामचे वडील खोताच्या घराण्यातले, घर एके काळचं मोठं. दहाव्या रात्री, ‘पर्णकुटी’त, हे कुटुंब मोठ्या घरातून बाहेर पडून साध्या झोपडीवजा घरात येतं, आणि तिथून उतरण सुरू होते ती थांबत नाही. बाविसाव्या रात्री दिवाळीला आई भावाकडून आलेल्या भाऊबिजेच्या पैशांतून स्वतःसाठी काही न घेता नवऱ्याला धोतर आणते, कारण त्यांचं फाटलेलं असतं. छत्तिसाव्या रात्री घरात तेल असलं तर मीठ नसतं. सदतिसाव्या रात्री गावात दवंडी पिटली जाते आणि घराची अब्रू रस्त्यावर येते. या उतरणीवर उभी राहून ती बाई मुलाला स्वाभिमान सांगते, दुसऱ्याच्या दुःखाला हात लावायला शिकवते. उतरण काढून टाकली की उरते ती पाटावर बसून गोड उपदेश करणारी आई. तशी आई मुलांना खरी वाटत नाही, आणि मग ‘हे पुस्तक रडकं आहे, उपदेशाचं आहे’ अशी तक्रार होते. ही तक्रार करणाऱ्या पुष्कळांच्या हातात पुरं पुस्तक कधी पडलेलंच नसतं.

तिसरी खूण गोष्टींच्या चौकटीची. मूळ पुस्तकात श्याम मोठा झालेला आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर तो मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. गोविंदा, राम, भिका असे सोबती ऐकायला असतात, गावातली माणसंही येऊन बसतात. रात्रीच्या सुरुवातीला नि शेवटी त्यांचं थोडं बोलणं येतं. घाईच्या आवृत्त्यांत हे बोलणं ‘फापटपसारा’ म्हणून उडवलेलं असतं. पण त्याचं काम मोठं आहे. एक अवघड गोष्ट ऐकल्यावर ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला तिथे जागा मिळते. शिवाय सांगणारा श्याम स्वतःच्या लहानपणाच्या चुका उघड कबूल करतो आहे, हे त्या चौकटीमुळेच कळतं. चौकट नसेल तर तो आपल्या आईची नुसती स्तुती करतोय असं वाटू लागतं.

ही सांगण्याची रीत गुरुजींनी सजावट म्हणून आणलेली नाही. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांबरोबर राहत आणि त्यांच्यासाठी रोज हाताने लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक काढत. रोज सकाळी ज्यांच्या हातात आपलं लिखाण पडणार ती मुलं समोर बसलेली, अशी ही लेखनाची शाळा. पुढे सत्याग्रहात तुरुंगवास घडला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती गुरुजींनीच बोलण्याच्या वेगाने उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्यापाशी आहेत. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ या गुरुवारी, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे, तिथलं लिखाण आटोपलं. राहिलेल्या काही रात्री बाहेर आल्यावर झाल्या. तुरुंगात दिवसा काम करायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं, असे ते पाच दिवस होते. ही घाई वाक्यांत दिसते: लहान वाक्यं, एकाच गोष्टीला दोन-तीन उपमा, मधूनच ‘मित्रांनो’ म्हणून घातलेली हाक. डोळ्यांनी वाचताना हे कुठे कुठे जास्त वाटतं. मोठ्याने वाचलं की बरोबर बसतं.

म्हणून आवृत्ती निवडताना ती मोठ्याने वाचता येईल का, हे बघा. दुकानात उभ्या उभ्या मधलं कुठलंही पान काढून हातभर अंतरावर धरा आणि चार ओळी वाचून पाहा. डोळे बारीक करावे लागले तर टाईप लहान आहे. रात्री दिव्याखाली मांडीवर पुस्तक ठेवून वाचायचं तर चौदा पॉइंटच्या आसपासचं अक्षर हवं आणि दोन ओळींत मोकळी जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत अडकते. पानं वाचवण्यासाठी बारीक टाईपात कोंबलेली ‘संपूर्ण’ आवृत्तीही मिळते. ती संदर्भाला ठीक, वाचून दाखवायला नाही.

बांधणीकडे बहुतेक जण बघत नाहीत, आणि हे पुस्तक फाटतं ते तिथेच. बेचाळीस रात्रींचं पुस्तक चांगलंच जाड होतं. नुसत्या गरम गोंदाने पाठ चिकटवलेली असेल तर ते पूर्ण उघडत नाही, जोर लावून उघडलं की पाठीला चीर जाते आणि नंतर मधली पानं सुटी होतात. पाठीच्या वरच्या टोकाकडून पाहा. फर्मे, म्हणजे छापील पानांचे गठ्ठे, घडी घालून दोऱ्याने शिवलेले असतील तर लहान लहान कमानी दिसतात. ही जुजबंदी. अशी प्रत टेबलावर सपाट उघडी राहते आणि घरातल्या दोन-तीन मुलांच्या हातून गेली तरी टिकते. शाळेच्या वाचनालयासाठी घेत असाल तर जुजबंदी नसलेली प्रत घेऊच नका, किंवा घेतल्यावर आधी बाइंडरकडे द्या.

आता शुद्धलेखन. जुन्या प्रतीत ‘आईनें’, ‘मुलें’, ‘तें’ असे अनुस्वार दिसतील. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम ठरवले, त्यानंतर हे अनुच्चारित अनुस्वार गेले. नव्या प्रतीत ते नसणं म्हणजे मजकुराशी छेडछाड नव्हे. मुलांसाठी नव्या नियमांची प्रतच बरी. छेडछाड वेगळी असते. ‘शिंपटी’च्या जागी ‘छडी’, ‘कांडपीण’च्या जागी ‘मोलकरीण’, असे सोपे पर्याय टाकलेले असतात. पाचव्या रात्रीची मथुरी ही कांडपीण आहे, भात कांडून देणारी. तिला मोलकरीण म्हटलं की तिचं काम जातं, तिच्या अंगातल्या तापाचा आणि त्या कष्टाचा संबंध जातो. चांगली आवृत्ती शब्द तसाच ठेवते आणि खाली टीप देते. आणा, पै यांनाही टीप हवी: रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. हे माहीत नसेल तर कर्जाच्या आणि खाऊच्या पैशांच्या गोष्टी मुलांच्या डोक्यावरून जातात.

संगणकावर नव्याने जुळवलेल्या प्रतींत एक चूक हमखास सापडते, ती आधी तपासा. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘बिचाऱ्या’ या नेहमीच्या शब्दांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना तो बिघडतो आणि ‘दुसर्या’ असं विचित्र काहीतरी छापलं जातं. एका पानावर हे तीनदा दिसलं तर मुद्रितं (प्रुफं) कुणी वाचलेली नाहीत असं समजा. मग श्लोक आणि अभंगही धड नसणार. त्यांच्या ओळी गद्यासारख्या सलग लावलेल्या असल्या की वाचताना चाल सापडत नाही.

पंचविसाव्या रात्रीबद्दल सविस्तर बोलायला हवं. ‘देवाला सारी प्रिय’. मोळी घेऊन आलेली महार समाजातली म्हातारी पडते, मोळी परत डोक्यावर चढवायला कुणी हात लावत नाही. श्याम घरी येऊन आईला सांगतो. आई म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर. काही पालक ही रात्र गाळून पुढे जातात, काही संपादक त्यातली आंघोळ काढून टाकतात. दोन्ही चूक आहे. आंघोळ काढली की आई आजच्या काळातली होते आणि गोष्ट खोटी होते. मुळात जे आहे ते फार मोलाचं आहे: विटाळाच्या रिवाजात वाढलेली बाई त्या रिवाजाच्या टोकापर्यंत जाते, पण त्याच्या बाहेर पडत नाही. बाहेर पडला तो तिचा मुलगा. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. मुलाला ही रात्र वाचून दाखवा, तो ‘आंघोळ कशाला?’ असं विचारेलच, आणि मग पंढरपूरची हकीकत सांगा. ती सांगणारी छोटी टीप देणारी आवृत्ती मिळाली तर ती बाकी सर्वांपेक्षा वर ठेवा.

तसंच तेविसाव्या, ‘अर्धनारी नटेश्वर’ या रात्रीचं. मुलग्याने घरातली ‘बायकांची’ समजली जाणारी कामं शिकावीत, त्यात लाज नाही, हे १९३३ साली लिहिलेलं आहे. सावित्रीव्रताला आजारी आईच्या बदली वडाला प्रदक्षिणा घालणारा पहिल्या रात्रीतला श्यामही हीच लाज ओलांडत असतो. मुलगे या दोन रात्री फार लक्ष देऊन ऐकतात.

वय कोणतं? मोठ्याने वाचून दाखवायचं तर आठ-नऊ वर्षांपासून, आपलं आपण वाचायला अकरा-बारापासून. पण एक माहिती आधी असू द्या: या पुस्तकात मृत्यू शेवटी एकदाच येतो असं नाही. चौथ्या रात्री श्यामचा धाकटा भाऊ यशवंत जातो, नवव्या रात्री मोरी गाय जाते. झोपायच्या आधी वाचत असाल तर या दोन रात्री सुट्टीच्या दिवशी दुपारी घ्या. घरात नुकतं कुणी गेलेलं असेल तर अडतीस ते एकेचाळीस या रात्री थोड्या लांबवा. बाकी रोज एक रात्र हाच उत्तम वेग. एक रात्र साधारण पंधरा-वीस मिनिटांत होते, काही त्याहून लवकर. एका बैठकीत चार-चार रात्री वाचल्या की दुःखाचा थर साचतो आणि उपमा पुन्हा पुन्हा आल्यासारख्या वाटतात. पुस्तकाचा तो दोष नव्हे. ते तसं वाचण्यासाठी लिहिलेलंच नाही. मात्र क्रम बदलू नका. मधूनच ‘अळणी भाजी’ची रात्र काढून वाचली तर ती गमतीची गोष्ट होते. पहिल्या सतरा रात्रींनंतर वाचली की बायकोचं मन दुखावू नये म्हणून बिनमिठाची भाजी मुकाट खाणारे वडील दिसतात, आणि पुढे कर्जात बुडणारा, जरा दुबळा वाटणारा हा माणूस मुलांना आपलासा वाटत राहतो.

फुकट प्रतींबद्दल. पुस्तक मुक्त असल्याने इंटरनेटवर भरपूर प्रती आहेत. जुन्या छापील प्रतीच्या पानांचे फोटो असलेली पीडीएफ सर्वांत विश्वासाची, कारण त्यात मजकूर बदललेला नसतो. फोनवर वाचायला मात्र ती त्रासाची. फोटोवरून यंत्राने ओळखलेला मजकूर असेल तर ‘ख’चा ‘रव’, ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ झालेला सापडतो. ‘भाऊ’चा ‘माऊ’ झाला की मुलं हसतात, आणि हसण्याची जागा ती नसते. ध्वनिपुस्तक घेत असाल तर भागांची संख्या बघा, बेचाळीसच्या आसपास नसेल तर ते संक्षिप्त आहे. नाट्यमय आवाज लावून, मागे बासरी वाजवून केलेल्या ध्वनिमुद्रणापेक्षा साधं, संथ वाचन या पुस्तकाला शोभतं.

१९५३ चा आचार्य अत्रे यांचा चित्रपट, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो आधी दाखवू नका. चित्रपट चांगलाच आहे. पण तो पाहिला की आईचा चेहरा ठरून जातो, आणि पुस्तकात तो ज्याचा त्याने पाहायचा असतो.

मुलाला पुस्तक आवडलं तर पुढे काय, हा प्रश्न दुकानदाराला विचारून फारसा उपयोग होत नाही, तो याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुढे करतो. श्यामचं पुढचं आयुष्य ‘श्याम’ आणि ‘धडपडणारा श्याम’मध्ये आहे, पण ते तेरा-चौदा वर्षांपुढच्या मुलांचं वाचन आहे, दहा वर्षांच्या मुलाला लगेच देऊ नका. त्याला ‘गोड गोष्टी’ द्या. त्यातलं ‘मनूबाबा’ जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरून गुरुजींनी मराठी मुलांसाठी सांगितलेलं आहे, आणि एकटा पडलेला कोष्टी आणि त्याच्या दारात आलेली लहानगी पोर ही गोष्ट कुठल्याही वयात धरून ठेवते. त्यानंतर ‘सुंदर पत्रे’, पुतणी सुधा हिला लिहिलेली. ती कुठूनही उघडून वाचता येतात, रोज एक. त्यांतही निवडक पत्रांचे संच आहेत. तीन भाग आहेत का तेवढं पाहून घ्या.